सर, तुम्ही चुकीचं भाषांतर केलंत

सर,

गेल्या महिन्यात तुमची शोकसभा झाली, आणि तिच्यात मी बोलले नाही. माझं नाव पुकारलं होतं. "सरांच्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनी" असं म्हणून शिष्यवृत्ती निधीच्या चिटणिसांनी माईक माझ्याकडे वळवला आणि मी मान हलवून नकार दिला. सभागृह हळहळलं. "बाईंना भरून आलं," असं मागे कुणी तरी कुजबुजलं, आणि पुढच्या रांगेतून पाण्याचा पेला आला. मला भरून आलं नव्हतं, सर. राग आला होता. माझ्या रागाचं भाषांतर भलत्याच शब्दांत करणारी माणसं तुमच्यामागेही शिल्लक आहेत, हे पाहून तो आणखी वाढला.

त्या दिवशी सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. मीही थोडं चांगलं बोलणार आहे, पण क्रमाने. आधी विधान, मग पुरावा, हे तुम्हीच शाळेत शिकवलंत. विधान असं, की मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. पुरावा खाली देते.

हे लिहून झालं की माझ्या नातवंडांना पाठवणार आहे. ती फार लांब राहतात. मोठ्या नातीला, रेवाला, गेल्या वर्षी तिकडच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. फोनवर मी विचारलं, "मग समारंभ कधी?"

"कसला समारंभ, आजी? ईमेल आली. फी वळती झाली."

"आणि कुणापुढे उभं राहून काही म्हणायचं नाही?"

"म्हणजे काय म्हणायचं?"

तिला काय सांगणार? फोन ठेवून मी फडताळातली भांडी उतरवली, पुसली आणि होती तिथेच परत लावली. ती आधीच पुसलेली होती. तुम्ही हयात होतात तेव्हा. तुम्हाला फोन करून हे ऐकवावं असं फार मनात होतं. केला नाही, कारण तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक होतं. "तिकडे देणारे दिसत नाहीत, इंदू. आपल्याकडे ते पहिल्या रांगेत बसलेले असतात."

तर तो शब्द. शब्द कसला, जोडी. "गरीब व होतकरू." शिष्यवृत्तीच्या प्रत्येक जाहिरातीत ही दोघं हातात हात घालून यायची, अजूनही येतात. त्यांतला होतकरू मला फार आवडतो. अजून झालेलं नाही पण होणार आहे, असं माणसाबद्दल सांगणारा शब्द. त्याच्या शेजारी दुसऱ्याला बसवायचं काय कारण होतं?

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या सुमाराची गोष्ट. मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. गडमुडशिंगीची जमीन चुलत्यांकडे राहिली, आणि आई मला, एक उखळ आणि दोन मुसळं घेऊन शहरात आली. पेठेतल्या घरोघरची चटणी ती कांडायची. नातवंडांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे लसूण घालून कांडलेलं लाल तिखट. तिचे तळहात बारा महिने जळत असत. त्यामुळे तिने मला कधी गालाला हात लावून कुरवाळलं नाही. कोपराने ढोसायची, ते आमचं कुरवाळणं.

तुम्ही आमच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतात. वय असेल पंचविशीच्या आतबाहेर, पण टोपी आणि आवाज पन्नाशीतला. पेठेतल्या गुळाच्या अडत्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक निधी काढला होता, आणि त्यांच्यात अर्ज वाचता येणारं दुसरं कुणी नसल्यामुळे त्याचे चिटणीस तुम्ही झाला होतात. त्या साली पहिल्यांदा एका मुलीचं नाव तुम्ही पुढे केलंत. माझं.

मुलाखत अडतीच्या माडीवर झाली. खाली गुळाच्या ढेपा, म्हणजे आमच्याकडचे रवे, रचलेले, वर गाद्या, तक्के आणि माश्या. मधोमध शेठ बसले होते. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांची पतवंडं भली आहेत. त्यांनी मला काही विचारलंच नाही. आईला विचारलं.

"काय बाई, पोरगी गरीब हाय न्हवं?"

"कोन, ही?" आई म्हणाली. "गरीब कशाची वं! वाघीण हाय. शेजारच्या तुक्याचा दात पाडलाय हिनं."

"तसं न्हवं. घरचं कसं हाय?"

"घरचं ब्येस हाय की. दोन वक्ताला भाकरी हाय, वर तुमच्याच घरची चटणी हाय."

शेठ तुमच्याकडे वळले. "मास्तर, ही तर म्हनत्या ब्येस हाय. मग कशाला आनलासा हिला?"

तुम्ही खोकल्यासारखं करून हसू गिळलंत. "शेठजी, बाईंच्या बोलीत गरीब म्हणजे मवाळ, गरीब गाय म्हणतात तशी. मुलगी मवाळ नाही, एवढंच त्या सांगतायत."

"आनि पैशानं?"

"पैशाने आहे."

आईने तुमच्याकडे असं पाहिलं की मुसळ माडीवर आणलं नव्हतं ते बरं. जिना उतरताना ती मला म्हणाली, "मवाळ न्हाईस म्हनला त्ये खरं हाय. दुसरं काय म्हनला त्ये मला कळलंय."

ते तुमचं पहिलं भाषांतर. ते बरोबर होतं आणि त्यामुळेच मी कॉलेजात गेले, हेही नोंदवून ठेवते. मी अन्यायाने लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आईने मला नको म्हणून सांगितलं. गारगोटीचं एक स्थळ आलं होतं, विहिरीचं पाणी, बैलजोडी, सासू मायाळू. तुम्हाला निरोप गेला तसे तुम्ही आमच्या खोलीवर आलात. कांडप चालू होतं. दाराशी उभे राहिला असतात तरी चाललं असतं, पण तुम्ही आत येऊन थेट उखळाजवळ बसलात आणि पहिल्या वाक्यालाच शिंकलात.

"बाई, लग्न काय, केव्हाही... आक् छी... फी भरायची तारीख एकदा गेली की..."

"भाईर बसा मास्तर, मरशीला."

"नाही. तुम्ही हो म्हणेपर्यंत... आक् छी!"

"आमी काय मागाय गेलतो? तुमीच बलावलंसा. आनि वर त्या समद्यांम्होरं आमाला गरीब म्हनलासा."

"म्हटलं. पुन्हा म्हणेन. मुलगी शिकणार असेल तर दहा वेळा..." पुढचं शिंकेत गेलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टोपी काढून तोंड पुसताय, पण हटत नाही. आई मुसळ टेकवून तुमच्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "येवडं शिकलासा मास्तर, पर मिरचीत बसू ने ह्ये कुनी शिकवलं न्हाय व्हय?" आणि मला म्हणाली, "जा कॉलेजात. मानूस खरा हाय ह्यो."

गारगोटीच्या स्थळाला नकार गेला.

नातवंडांनो, त्या पैशांनी काय झालं ते नीट वाचा, कारण शिष्यवृत्ती या शब्दाने तुम्हाला फक्त बक्षीस दिसतं. दोन्ही सत्रांची फी त्यातून गेली, परीक्षेची फी गेली, म्हणून आईच्या कांडपात आमचं पोट भागलं. फीची तारीख जवळ आली की वर्गातल्या दोघी-तिघी आजारी पडायच्या, आणि त्यांतली एखादी बरी होऊन परतायचीच नाही. मी परतत होते. पहिल्या बाकावर बसून वर्षामागून वर्ष मी ऐकत होते आणि लिहून घेत होते. पुस्तकं सरांची. पानापानांवर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. त्या खुणा पुसायचं धाडस मी कधी केलं नाही, त्यांच्याशी भांडत मात्र होते.

इथवर गुण गायले. आता समारंभ.

दर वर्षी हिवाळ्यात शाळेच्या सभागृहात निधीचा कृतज्ञता समारंभ व्हायचा. शिष्यवृत्ती मिळालेले सगळे मंचावर ओळीने उभे. एकेकाने पुढे यायचं आणि म्हणायचं, "मी अमुक तमुक, गरीब व होतकरू विद्यार्थी. दात्यांच्या कृपेने शिकत आहे." मग शेठ ताटातून पाकीट आणि नारळ द्यायचे, आणि टाळ्या. हे वाक्य तुमचं होतं. तुम्हीच रचलंत आणि प्रत्येकाकडून तालमीसारखं घटवून घेतलंत. "कृपा, इंदू. क्रुपा नव्हे. स्पष्ट म्हण." उच्चाराबाबत तुमची तक्रार असायची, अर्थाबाबत कधीच नाही.

पहिल्या वर्षी मी ते स्पष्ट म्हटलं. आई मागे भिंतीला टेकून उभी होती. "गरीब" शब्द आला आणि ती निघून गेली. घरी आले तर ती भाकऱ्या थापत होती, नेहमीपेक्षा जोरात.

"आई, तसं म्हणायचंच असतं."

"कुनी म्हनायचं? म्या तुला उपाशी ठिवली का कवा? माझ्या तोंडाम्होरं मलाच गरीब म्हनलीस."

"मी स्वतःला म्हटलं."

"तू कुनाची? माझीच न्हवं?"

त्या रात्री तिने मला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. सर, माझा हिशेब तिथून सुरू होतो.

दुसऱ्या वर्षी समारंभाच्या आधी मी तुमच्याकडे आले आणि वाक्य बदला म्हणून सांगितलं. "गरीब काढून टाका. होतकरू पुरे."

"नुसत्या होतकरूला कोण देतं?" तुम्ही म्हणालात. "हे लोक वाईट नाहीत, इंदू. पण देणाऱ्याला काहीतरी दिसावं लागतं, ऐकू यावं लागतं. देवळात घंटा का असते?"

"मग घंटा टांगा. मला का टांगता?"

तुम्ही हसलात. तुम्हाला माझं उत्तर आवडलं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण वाक्य बदललं नाही. माझी हजरजबाबी उत्तरं तुम्ही वहीतल्या चांगल्या निबंधासारखी वाचायचात. वर बरोबरची खूण, आणि वही परत.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट नातवंडांना कुणीच सांगितलेली नाही, कारण ती फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होती. आणि थोडी आईला.

त्या वर्षी समारंभानंतर जेवण होतं. त्याची चटणी आईने कांडली होती, म्हणून शेठच्या घरच्या बायकांबरोबर ती सभागृहात आली, मागे सतरंजीवर बसली. मी मंचावर पुढे आले, तोंड उघडलं, एवढ्यात शेठनी हात वर केला.

"थांब पोरी. मास्तर, ही तीन वर्सं झाली विंग्रजी शिकाय लागलीया. एकदा बोलू दे की विंग्रजीत. पैसं कशाला घातल्यात मग आमी?"

सभागृह हसलं. "व्हय व्हय, होऊ दे!" असा आवाज झाला. तुम्ही माझ्याकडे पाहून मान डोलावलीत. तुम्हाला वाटलं, तेच वाक्य इंग्रजीत म्हणेल. पहिल्या रांगेतल्या एकालाही इंग्रजी येत नव्हतं, येत होतं ते तुम्हाला. मी ते दोन वर्षं साठवून ठेवलं होतं असं नाही. ते आपोआप तयार होऊन बसलं होतं, आणि दार शेठनी उघडलं.

तेव्हा मी काय बोलले ते आज पहिल्यांदा मराठीत लिहिते.

"सभ्य गृहस्थहो, दर वर्षी इथे उभी राहून मी स्वतःला गरीब म्हणवून घेते, आणि तुम्ही टाळ्या वाजवता. गरिबीला टाळ्या वाजवणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. माझी आई तुमच्या घरी चटणी कांडते. ती तुमच्याकडून मजुरी घेते आणि काम चोख देते, आणि ती तुम्हाला कधी 'माझ्यामुळे तुमच्या आमटीला चव आहे, म्हणा' असं म्हणायला लावत नाही. तुम्ही पैसे शिक्षणाला दिलेत, टाळ्यांना नव्हे. टाळ्यांना दिले असतील तर तसं सांगा. मी या क्षणी तुमच्यासाठी टाळ्या वाजवते आणि घरी जाते."

आणि मी टाळ्या वाजवल्या, सर. एकटीने, मंचावर, पहिल्या रांगेकडे तोंड करून. ती माणसं खूष होऊन हसली आणि त्यांनीही वाजवल्या.

मग शेठ म्हणाले, "काय म्हनाली मास्तर?"

मी तुमच्याकडे बघत होते. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. मला ते हवं होतं. मला हवं होतं की तुम्ही सांगावं. शिष्यवृत्ती गेली असती, कॉलेज गेलं असतं, कदाचित गारगोटीचा बैलजोडीवाला अजून मोकळा असेल अशी चौकशी झाली असती. हे सगळं त्या क्षणी मला मान्य होतं. माझ्या आईला भर सभेत जे म्हणवून घ्यावं लागलं होतं त्याचं उत्तर भर सभेत, त्यांच्याच भाषेत, त्यांच्या कानांवर पडायला हवं होतं.

तुम्ही घसा साफ केलात आणि म्हणालात, "ती म्हणते, दात्यांचे उपकार ती जन्मभर विसरणार नाही. शेठजींच्या घरी तिची आई काम करते याचा तिला अभिमान वाटतो. आणि म्हणते, टाळ्या तिला नकोत, त्या दात्यांनाच शोभतात."

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. "बघा!" ते मागे वळून म्हणाले, "गरिबाच्या पोरीला जान हाय. हिला बी.ए.पत्तुर द्या. म्होरं मास्तरीन व्हायचं आसंल तर त्येबी द्या."

अशा रीतीने माझं पुढचं सगळं शिक्षण तुमच्या त्या खोट्यावर झालं. पाकीट आणि नारळ घेऊन मी मंचावरून उतरले. जे द्यायला मी तयार होते ते तुम्ही मला देऊ दिलं नाहीत, आणि जे मी फेकलं होतं ते उचलून, पुसून, माझ्याच पदरात घातलंत. शिवी द्यावी आणि तिची आरती होऊन परत यावी, यासारखा अपमान नाही.

जेवणाच्या पंगतीत आई वाढता वाढता माझ्यापाशी वाकली.

"श्या घातल्यास न्हवं तू?"

"तुला कुठं इंग्रजी कळतं?"

"तुजं त्वांड कळतंय की. आनि मास्तर खोटं बोलला. त्याच्या टोपीतनं घाम निथळत हुता." मग तिने माझ्या ताटात चटणीचा भलामोठा गोळा ठेवला आणि कोपराने मला ढोसलं. दोन वर्षांनी.

तेवढंच त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं. बाकीचं तुम्ही खाल्लंत.

बाहेर पडताना मी तुम्हाला अडवलं. तुम्ही घाईने चालत होतात, छत्री काठीसारखी टेकवत.

"तुम्ही चुकीचं भाषांतर केलंत."

"शब्दांचं चुकीचं असेल. अर्थाचं बरोबर केलं."

"कुठल्या अर्थाचं?"

"तुझ्या सगळ्या बोलण्याचा अर्थ एकच होता, इंदू. तुला शिकायचंय. तेवढा मी त्यांच्यापर्यंत पोचवला."

उत्तर मला घरी पोचेपर्यंत सुचलं, पण तोवर तुम्ही लांब गेला होतात. मग पुढे कितीदा तरी भेट झाली, पण त्या विषयावर आलं की तुम्ही शाळेची, संस्थेची, माझ्या मुलांची चौकशी काढायचात. तर आता ऐका, आता तुम्हाला विषय बदलता येणार नाही. माझ्या बोलण्याचा अर्थ तोच होता जो मी बोलले. मुलीला काय म्हणायचंय ते तिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं समजणारे पुरुष मी पुढे पुष्कळ पाहिले. त्यांतले सगळे तुमच्याइतके चांगले नव्हते. पण सवय तीच.

पाच-सहा वर्षांनी मी कॉलेजात शिकवू लागले, तेव्हा तुम्ही मला समारंभाची प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंत. निधीची पहिली मुलगी, पेठेचं भूषण वगैरे. मी आले. मंचावर ओळ उभी होती, पहिली मुलगी पुढे येऊन "मी गरीब व" म्हणाली, आणि मी माईक घेऊन म्हटलं, "बसा. सगळे खाली बसा. पाकिटं तुमच्या जागेवर येतील." मुलं गोंधळली, पण बसली. शेठ उठून गेले. त्यांच्यामागून बरेच जण गेले.

पुढच्या वर्षी निधीत कमी पैसे आले. तुम्ही माझ्या घरी येऊन, चहाला हात न लावता सांगितलंत, "दोन मुली गळल्या. एक इथलीच. दुसरी आजऱ्याची, गणितात हुशार." इथलीची सोय आपण दोघांनी मिळून केली. आजऱ्याला तुम्ही गेलात तोवर तिच्या दाराला मांडवाचे खांब लागले होते.

त्यानंतर आपण जेव्हा जेव्हा भांडलो तेव्हा तुम्ही तिचं नाव घेतलंत. मोठ्याने नाही, हलकेच, दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं. "आणि ती आजऱ्याची?" माझं तोंड बंद व्हायचं. आज बंद होणार नाही. त्या मुलीला मी घरी बसवलं नाही, सर. वाक्य ऐकायला मिळालं नाही म्हणून ज्यांनी पाकीट मागे घेतलं, त्यांनी बसवलं. तिचं नाव तुम्ही मला आयुष्यभर ऐकवलंत. शेठना एकदा तरी ऐकवलंत का? एकदा तरी त्यांच्या माडीवर जाऊन, शिंकत शिंकत, हटून बसलात का? चटणीच्या उखळाजवळ बसायचं धैर्य तुमच्यात होतं. गुळाजवळ ते नव्हतं.

पैसे आटले त्याच्या पुढल्या वर्षी समारंभ पूर्ववत सुरू झाला. तुमच्याच वाक्यासकट. मला आमंत्रण मात्र तुम्ही दर वर्षी करत राहिलात, आधी चिठ्ठीने, मग फोनवर. "येतेस का, इंदू?" "वाक्य बदललं का?" "नाही." "मग नाही येत." एवढंच संभाषण. मग तुम्ही मला एखादा इंग्रजी शब्द विचारायचात, जो तुम्हाला पक्का ठाऊक असायचा. येत्या हिवाळ्यात तो फोन येणार नाही, आणि मला त्याचीही चीड येते आहे, की भांडायला तुमच्याइतकं जवळचं माणूस मी दुसरं ठेवलं नाही.

शेवटचं भेटले ते दवाखान्यात. नव्वदी ओलांडलेला माणूस, हाताला सुया, आवाज बसलेला, आणि नजर तीच, वही तपासतानाची. मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता म्हणाल. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते दोन शब्द आता म्हणाल.

"इंदू, त्या भाषणात... 'अप्लॉज'च्या आधी तू 'द' लावलास. नको होता."

बाकी काही नाही. डोळे मिटून घेतलेत, काम संपल्यासारखे. तुम्हाला ते भाषण शब्द न् शब्द पाठ होतं तर! एवढी वर्षं तुम्ही ते मनात ठेवलं होतं, मी बोलले तसंच, भाषांतराशिवाय. हे तुमचं माफी मागणं होतं की शेवटची तांबडी खूण, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी घरी आले, व्याकरणाची पुस्तकं काढली, नीट पाहिलं. 'द' चालतो, सर. तिथे दोन्ही चालतं. सकाळी सांगायला आले तर तुमची खाट रिकामी होती.

आता निष्कर्ष.

शोकसभेनंतर चिटणीस माझ्याकडे आले. सरांच्या नावाने कायमची शिष्यवृत्ती ठेवायची आहे, मोठा वाटा बाईंनी उचलावा. मी म्हटलं, सगळाच उचलते. तेव्हा ते फार आनंदले. मग मी अटी सांगितल्या.

"जाहिरातीत गरीब शब्द छापायचा नाही."

"बरं."

"मंचावर कुणी उभं राहणार नाही. पाकीट नाही, नारळ नाही. फी परस्पर कॉलेजात भरायची."

"बरं... पण आभाराचे दोन शब्द तरी?"

"नाहीत."

"पत्र? साधं पोस्टकार्ड?"

"नाही."

"निदान सरांच्या तसबिरीला हार घालून, मुलांनी एकदा नमस्कार..."

"या शिष्यवृत्तीबद्दल कुणीही, कधीही, कुणाचेही आभार मानायचे नाहीत. कागदावर तसं लिहून घ्या."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, अहो, सरांनी आयुष्यभर आभाराचे समारंभ केले. आणि त्यांच्याच नावाला... हे काय स्मारक झालं?"

"हेच झालं," मी म्हटलं. "सही कुठे करू?"

कॉलेजांचे प्रवेश चालूच होते, म्हणून मी घाई करायला लावली. गेल्या आठवड्यात पहिली मुलगी ठरली. तिला कुणी तरी माझा पत्ता दिला असावा, कारण काल सकाळी ती आईला घेऊन दारात उभी राहिली. आजऱ्याकडचीच आहे, काजूच्या कारखान्यात आई काम करते. हातात पेढ्यांचा पुडा. वाकून पाया पडायला लागली तशी मी तिला दंडाला धरून सरळ केलं आणि खुर्चीवर बसवलं. काय घेतलंस विचारलं. भौतिकशास्त्र म्हणाली. पेढा मी खाल्ला. पेढ्याला अट नव्हती.

तिने दोनदा "बाई, तुमचे फार..." अशी सुरुवात केली आणि दोन्ही वेळा मी तिला मधेच प्रयोगशाळेचं काही तरी विचारलं. निघताना मात्र ती दारात थांबली.

"बाई, ज्यांच्या नावाची ही स्कॉलरशिप आहे, ते कोण होते?"

तिच्या आईनेही मान वर करून पाहिलं. दोघी उत्तराची वाट बघत होत्या. तुमच्याबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं जगात आता कुणालाच ठाऊक नाही, सर.

"होते एक," मी म्हटलं. "तू जा, तुझी गाडी चुकेल."